सतरा सुटी हाडं

आत्यांनी देवमासा धुतला. एवढं एक वाक्य ऐकलं की आमच्या धक्क्यावरचा कुणीही पुढचं विचारत नाही, फक्त दाजींची तब्येत कशी आहे ते विचारतो. पण तुम्हाला मुळापासून सांगायला हवं.

आमच्या शहराला समुद्र आहे आणि समुद्राला लागून लांबलचक धक्का. सुट्टीच्या दिवशी लोक तिथं येतात, वारा खातात, आणि वाऱ्यानं पोट भरलं नाही की काहीतरी बघायला जातात. बघायला तीन गोष्टी. पायडल मारायच्या होड्यांचं तळं, तिथं मी होड्या दुरुस्त करतो. समोर आरसेमहाल, तिथं माणूस स्वतःला लठ्ठ, बुटका आणि वाकडा बघून खूश होऊन बाहेर पडतो. आणि धक्क्याच्या टोकाला देवमासाघर.

देवमासाघर म्हणजे एक उंच दालन आणि त्याच्या छताला टांगलेला देवमाशाचा सांगाडा. चाळीस फूट लांब. फार वर्षांपूर्वी तो आमच्याच किनाऱ्यावर मरून पडला होता. दाजींच्या वडिलांनी, सगळे त्यांना थोरले म्हणत, त्याचं एकेक हाड सुटं केलं, वाळवलं आणि दोन वर्षं खपून सांगाडा उभा केला. थोरले गेले आणि रखवालदारी दाजींकडे आली. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. दालनाच्या मागच्या दोन खोल्यांत दाजी, ताई आणि थोरल्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, अशी तिघं राहतात. नोकरी आहे तोवर खोल्या. नोकरी गेली की गाद्या-भांड्यांसकट धक्क्यावर.

आत्यांबद्दल आधीच सांगून ठेवतो. वय अठ्ठ्याहत्तर, उंची साडेचार फूट, आणि हातात कायम ओलं फडकं. जे हलत नाही ते पुसायचं आणि जे हलतं त्याला धरून पुसायचं, असं त्यांचं आयुष्य. एकदा मी त्यांच्याकडे दुपारी झोपलो होतो, तर उठेपर्यंत माझे कान स्वच्छ.

तर सोमवारी, म्हणजे देवमासाघर बंद असतं त्या वारी, पालिकेचं पत्र आलं. करमणूक समिती शनिवारी अकरा वाजता तपासणीला येणार. देवमासाघर आणि आरसेमहाल यांच्यापैकी ज्याला जास्त मार्क तो राहणार, दुसऱ्याच्या जागी गाड्यांचा तळ होणार. माझं तळं वाचलं होतं, कारण ते बुजवणं कुणाला जमेना.

दाजींनी पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायला ताईकडे दिलं.

"शंभरातले चाळीस स्वच्छतेला आहेत," ताई म्हणाली आणि वर बघितलं. आम्ही सगळ्यांनीच वर बघितलं. देवमाशावर चाळीस वर्षांची धूळ होती. कबुतरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पाठीवर संसार केले होते. मणक्यांवर जे साचलं होतं त्याचं नाव जेवायच्या वेळी घेण्यासारखं नव्हतं.

"खाली उतरवू या," मी म्हणालो.

हे वाक्य माझं. नाकारण्यात अर्थ नाही, ताई मला दर आठवड्याला आठवण करून देते.

"वेडा आहेस का?" दाजी म्हणाले. "वडिलांनी चढवलाय तो."

"मग त्यात अवघड काय आहे? थोरल्यांनी प्रत्येक हाडावर नंबर घातलाय. वही आहे. होड्या उचलायची माझी चेनपुली आहे. दोन दिवसांत उतरवू, झटकू, नंबर बघून परत लावू. आरसेमहालवाला काय करणार? आरसेच पुसणार ना?"

दाजींना वही आठवली, ते तयार झाले आणि तिथंच सगळं नडलं. थोरल्यांच्या वहीचा त्यांना फार अभिमान. जाडजूड, कापडी बांधणीची वही, आणि तिच्यात सुरेख अक्षरात ओळीनं लिहिलेलं: 'क्र. ४१ हा क्र. ४० ला जोडावा. क्र. ४२ हा क्र. ४१ ला जोडावा.' अशी एकशे त्रेसष्ट हाडं. चित्र एकही नाही. थोरल्यांचा चित्रांवर विश्वास नव्हता. ते म्हणायचे, चित्रात माणूस चुकतो, आकड्यात चुकत नाही.

मंगळवार-बुधवारात आम्ही देवमासा उतरवला. डोकं तेवढं वरच ठेवलं, कारण ते लोखंडी पट्ट्यांनी छताला जखडलेलं होतं. बाकी बरगड्या, मणके, हाताची बोटं, सगळं मागच्या अंगणात ओळीनं मांडलं. प्रत्येकावर पेन्सिलीनं घातलेला बारीक नंबर. दाजी एकेक हाड उचलून नंबर वाचायचे आणि त्यांचा आवाज जरा ओला व्हायचा. "बघ, वडिलांचा सात. शेपूट कशी लांब काढायचे."

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं नवी तार आणायला बाजारात गेलो. ताई भाजीला गेली. घरात आत्या एकट्या.

आम्ही दुपारी परत आलो तर अंगणातून उजेड येत होता. खरंच सांगतो, उजेड. हाडं इतकी पांढरी झाली होती की डोळे मिटावे लागले. आत्या पायरीवर बसून पदरानं घाम पुसत होत्या. बाजूला धुण्याच्या सोड्याची रिकामी पिशवी, तारेचा ब्रश आणि सात बादल्या.

"या," आत्या म्हणाल्या. "झालं सगळं. चांगलं वाळायला ठेवलंय. आणि तुम्ही पसरून ठेवलं होतं वेडंवाकडं, ते मी नीट लावलंय. मोठी मोठ्यात, लहान लहानात."

दाजींच्या हातातलं तारेचं भेंडोळं खाली पडलं आणि घरंगळत गेलं. त्यांनी एक मणका उचलला. उलटा केला. दुसरा उचलला. तिसरा माझ्या हातात दिला, जणू माझे डोळे जास्त चांगले.

"आत्या," दाजी अगदी हळू म्हणाले, "याच्यावर काहीतरी लिहिलेलं होतं."

"होतं ना!" आत्या म्हणाल्या. "कुणीतरी मेल्यानं सगळ्यावर गिरवून ठेवलेलं. निघता निघेना. नुसत्या पाण्यानं गेलं नाही, साबणानं गेलं नाही. मग तारेचा ब्रश घेतला. एक राहिलं असेल तर दाखव."

एकही राहिलं नव्हतं. आत्यांच्या कामात कसूर काढायची कुणाची टाप नाही.

दाजी खाली बसले. एकदम बसले नाहीत, गुडघ्यात, कमरेत, मग पाठीत, असे टप्प्याटप्प्यानं खचले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मेहुणे," ते म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात, दोन दिवसांत."

दाजी मला एरवी तू म्हणतात. तुम्ही म्हणाले की समजायचं, आता आपलं काही खरं नाही.

ताई पिशव्या घेऊन आली, तिनं अंगण बघितलं, आमची तोंडं बघितली आणि न विचारता सगळं ओळखलं. ती आत्यांसमोर बसली. "आत्या, ते नंबर होते. कुठलं हाड कुठं लावायचं त्याचे. थोरल्यांनी घातलेले."

आत्यांनी जवळचं एक हाड डोळ्यांपाशी नेलं. मग म्हणाल्या, "दादाचं अक्षर होतं होय ते?"

ताईनं मान हलवली.

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही गं," आत्या म्हणाल्या. त्या उठल्या, आत गेल्या आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपल्या. हातात फडकं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून ताईनं हे पहिल्यांदा बघितलं होतं.

आता उरला होता दीड दिवस. एकशे त्रेसष्ट हाडं, सगळी सारखी गोरी, आणि एक वही जिच्यात सगळं अचूक लिहिलं होतं आणि जिचा उपयोग शून्य होता.

"फोटो," ताई म्हणाली. "आपल्या लग्नाचा."

लग्नाचा गट-फोटो दालनातच काढलेला. भिंग लावून आम्ही तो बघायला बसलो. पुढं ताई आणि दाजी, मागं पाहुणे आणि वर देवमासा. बरगड्या अर्ध्याच दिसत होत्या. एका बाजूच्या मोजल्या तर बारा भरल्या, त्यातली एक आमच्या मामांची छत्री निघाली. मणके धूसर. आणि शेपूट जिथं असायला हवी तिथं आमचे काका खुर्चीवर उभे राहिले होते. काकांना फोटोत दिसायची हौस दांडगी. नेमकं त्यांचं डोकं आणि त्याच्या मागं देवमाशाची सगळी शेपूट.

"मरेपर्यंत छळलं या माणसानं," ताई म्हणाली.

मी भूगोलाच्या मास्तरांकडे धावलो. बावीस वर्षं ते दर वर्षी शाळेची मुलं घेऊन देवमासा बघायला येतात. त्यांना पाठ असणार.

"मास्तर, देवमाशाला बरगड्या किती?"

"पुरेशा आहेत की," मास्तर म्हणाले.

"आकडा, मास्तर, आकडा!"

"हे बघ, मी मुलं मोजतो. आत जाताना अठ्ठेचाळीस, बाहेर येताना अठ्ठेचाळीस. त्यात एखादं कमी भरलं तर माझी नोकरी जाते. हाडं कोण मोजतंय?"

धक्क्यावर मी ज्याला भेटलो त्याला विचारलं. देवमासा बघितलाय? बघितलाय की, लहानपणापासून. मानेजवळ कसा आहे? सगळे हवेत हात फिरवायचे. "असा... मोठा." पालिकेनं देवमासाघराचं कार्ड छापलं होतं, तेही मिळवलं. त्यावर दाराच्या पाटीचा फोटो होता.

परत आलो तर दाजी रिकाम्या दालनात आपल्या खुर्चीवर बसलेले. वर नुसतं डोकं लटकत होतं, मागं काही नाही.

"दाजी, तुम्ही तर रोज बघता," मी म्हणालो. "सव्वीस वर्षं. डोळे मिटा, आठवा."

"माझी खुर्ची बघ," दाजी म्हणाले.

मी बघितली. खुर्ची दाराकडे तोंड करून होती.

"सव्वीस वर्षं मी दाराकडे बघतोय," दाजी म्हणाले. "कोण येतंय, कोण जातंय. देवमासा माझ्या पाठीशी होता. मला वाटायचं, तो कुठं जातोय." आणि पन्नाशीचा तो माणूस दोन्ही तळहातांनी तोंड झाकून बसला. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण ज्याच्यामुळं हे झालं त्यानं हात तरी कुठल्या तोंडानं ठेवायचा? मी पुली चढवायला घेतली.

शुक्रवारी उजाडल्यापासून आम्ही जोडत सुटलो. मणक्यांना मधोमध भोकं होती, ते लोखंडी सळईत ओवायचे. आत्यांनी लहानमोठे लावून ठेवलेच होते, तर डोक्याजवळ सगळ्यांत मोठा आणि शेपटीकडे लहान असं ओवत गेलो. दिसायला ठीक वाटलं. मग बरगड्या. एक बरगडी इकडे लावली की तिकडची बाहेर यायची. जी कडेच्या सांदीत बसत नव्हती तिला ताईनं गुडघा लावून बसवली. हातांच्या बोटांचा तर विचारू नका. उजव्या हाताला तीन बोटं झाली, डाव्याला पाच. बेरीज आठ, म्हणजे सरासरी बरोबर, असं म्हणून आम्ही पुढं सरकलो.

संध्याकाळी पाच वाजता आम्ही तिघं खाली उतरलो आणि मान वर करून बघितलं.

दाजी त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले.

"पुढून देवमासा आहे," शेवटी मी म्हणालो.

"आणि मागून?" दाजींनी विचारलं.

"मागून... घाईत असलेला घोडा," ताई म्हणाली.

आणि खाली सतरंजीवर हाडं उरली होती. सतरा. सात पातळ, चकत्यांसारखी, आणि दहा लहान लहान, इंग्रजी व्हीच्या आकाराची. सळई संपली होती, तार संपली होती, वेळ संपला होता. कुठंच जागा दिसत नव्हती.

"समुद्रात टाकून येतो," मी म्हणालो. "त्याची त्याला परत."

दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी सतराही हाडं एकेक करून आत नेली आणि आत्यांच्या पलंगाखाली सरकवली. वर चादर खाली ओढून घेतली. आत्या भिंतीकडे तोंड करून तशाच पडलेल्या. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

त्या दिवशी कुणीच नीट जेवलं नाही. ताईनं माळ्यावरून दोन ट्रंका काढल्या आणि कुणाला न विचारता कपडे भरायला घेतले. दाजी बघत राहिले. थांब म्हणाले नाहीत.

शनिवारी अकराला समिती आली. तीन माणसं. अध्यक्षबाईंच्या मानेला पट्टा, डॉक्टरांनी मान हलवायला मनाई केलेली, त्यामुळं त्या फक्त नाकासमोर बघत होत्या. दुसरा पालिकेचा इंजिनिअर. तिसरा कारकून, त्याच्या हातात फळी, फळीवर फॉर्म.

दाजी दाराशी उभे होते. अंगावर इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर फाशीची वेळ.

"हा आपला देवमासा," ते म्हणाले.

"हो, बघितला," अध्यक्षबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "छान आहे."

इंजिनिअर मात्र वर बघायला लागला. बघतच राहिला. डोक्याकडून शेपटीकडे, शेपटीकडून डोक्याकडे. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. ताईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांना मुंग्या आल्या. डाव्या हाताच्या पाच बोटांशी इंजिनिअर थांबला. दाजींनी डोळे मिटले.

"छताला ओल आहे," इंजिनिअर म्हणाला.

कारकुनानं शिडीवर चढून बरगडीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हसल्यासारखा हसला. "स्वच्छता, चाळीसपैकी चाळीस." मग तो भराभर बोलत गेला. पिण्याचं पाणी दहा, नळ गळतोय. वाळूच्या बादल्या पंधरा. पाट्या दहा, एक पाटी तिरकी. "देखभाल. दुरुस्तीची नोंदवही आहे?"

दाजींनी थोरल्यांची वही पुढं केली. कारकुनानं एक पान वाचलं. "क्रमांक एक्केचाळीस हा क्रमांक चाळीसला जोडावा. वा! असं काम आजकाल कोण करतं? पाचपैकी पाच." त्यानं ओठ हलवत बेरीज केली. "ऐंशी."

"आणि आरसेमहालाला?" ताईनं विचारलं.

"सांगायचं नसतं," कारकून म्हणाला आणि लगेच सांगितलं. "एक्क्याऐंशी."

एका मार्कासाठी. तिरकी पाटी काल मीच सरळ करणार होतो. दाजी भिंतीला टेकले. आणि मग त्यांना काय झालं कोण जाणे, ते पुढं आले आणि म्हणाले, "बाई, एकदा वर बघा. मार्क राहू द्या. नुसतं वर बघा आणि सांगा, काय दिसतंय."

"अहो, मला मान वर करायला मनाई आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पट्टा दिसत नाही का?"

"मग तुम्ही बघा, साहेब. कुणीतरी बघा! हा चुकीचा आहे हो. चाळीस वर्षं बरोबर होता तेव्हा कुणी बघितला नाही, आता चुकलाय तरी कुणी बघत नाही."

मी दाजींचा दंड धरला. बाई इंजिनिअरकडे वळल्या, म्हणजे पायासकट सगळ्याच वळल्या, आणि म्हणाल्या, "बिचारे. एका मार्कानं गेलं की असं होतं."

कारकुनाला घसा कोरडा पडला होता. "जरा पाणी मिळेल का?" म्हणत तो सरळ मागच्या खोलीत शिरला. आम्ही त्याच्या मागं धावलो, पण उशीर झाला होता. आत्या पलंगावर उठून बसल्या होत्या आणि कारकुनाच्या बुटांकडे बघत होत्या. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत जीव आला होता.

"बूट काढ," आत्या म्हणाल्या.

"आजी, मी पालिकेचा—"

"पालिकेचा असशील नाहीतर आभाळातला. कालच फरशी पुसलीय." फरशी काल पुसली नव्हती, पण ते आत्यांना सहन होत नसावं. "काढ. आणि पलंगाखाली सरकव."

कारकून वाकला. चादर वर केली. बूट आत सरकवले. बूट कशाला तरी टणकन लागले.

तो वाकलेलाच राहिला. मग एक चकती हातात घेऊन वर आला. "हे काय आहे?"

दाजींनी हातपाय गाळले. "साहेब," ते म्हणाले, "ती देवमाशाची हाडं आहेत. सतरा आहेत."

"याच देवमाशाची?"

"याच देवमाशाची."

"मग सांगायचं नाही का आधी!" कारकून ओरडला. "दुसऱ्या देवमाशाची असती तर मला मार्क देता आले नसते. देखभाल, पोटकलम दोन, सुटे भाग. दहा मार्क आहेत त्याला! आरसेमहालवाल्याकडे जास्तीचा एक आरसा नव्हता, शून्य दिलं मी त्याला. आणि तुम्ही सतरा सुटी हाडं पलंगाखाली ठेवून रडताय?"

"नाही हो, ती सुटी नाहीत, ती उरली—" दाजी बोलायला लागले आणि ताईनं त्यांच्या पायावर पाय दिला. मी तो पाय बघितला. सगळं वजन दिलं होतं.

"नव्वद," कारकून म्हणाला. त्यानं एकेक हाड बाहेर काढून मोजलं आणि समितीच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये लिहिलं: 'देवमासा, सुटी हाडं, नग १७, स्थिती उत्तम.' दाजींची सही घेतली. आणि पाणी पिऊन जाता जाता म्हणाला, "दर वर्षी येऊन मोजणार. यातलं एकही कमी भरलं तर मार्क रद्द, मार्क रद्द म्हणजे सगळंच रद्द. सांभाळून ठेवा."

आरसेमहाल पुढच्या महिन्यात पाडला. आरसे फुटायच्या आधी आरसेमहालवाला त्यातल्या लठ्ठ दाखवणाऱ्या आरशासमोर बराच वेळ उभा होता म्हणतात. दाजी त्याला भेटायला गेले होते. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

ताईनं ट्रंका माळ्यावर टाकल्या. नोकरी राहिली, खोल्या राहिल्या. आणि दाजींनी खुर्ची फिरवली.

आता ते देवमाशाकडे तोंड करून बसतात. कोण आलं-गेलं, त्यांना पत्ता नसतो. सहा महिने ते नुसतं बघत होते. मग एक दिवस मला बोलावून म्हणाले, "पुली आण." मोठे मणके मधे असतात, हे त्यांना कळलं होतं. एका हाडाचा खळगा आणि दुसऱ्याचा फुगवटा जुळवत जुळवत त्यांनी पाठ लावली, बरगड्या लावल्या, बोटं चार-चार केली. सगळं जिथल्या तिथं गेलं. शेवटी राहिली सतरा. ती कुठली, तेही त्यांना कळलं. सात चकत्या म्हणजे देवमाशाची मान, डोक्यामागच्या खळग्यात पहिली चकती अशी बसते की वाटावं श्वास घेईल. आणि दहा व्ही म्हणजे शेपटीखाली टांगलेली रांग.

पण ती लावायची नाहीत. लावली तर पलंगाखाली सतरा भरणार नाहीत.

दाजींनी पालिकेत तीन अर्ज केले. सुटी हाडं सांगाड्यात बसवायची परवानगी द्यावी. पहिल्याला उत्तर आलं, सुटे भाग मूळ भाग खराब झाल्यावरच वापरता येतील. दुसऱ्याला उत्तर आलं, मूळ भाग खराब झाल्याचा दाखला जोडा. तिसऱ्याला उत्तर आलं नाही.

त्या सतरा हाडांवर दाजींनी नंबर घातलेत. थोरल्यांच्या वहीतून एकेक आकडा कागदावर गिरवून घेतला आणि तसाच हाडावर उतरवला. या वेळी पेन्सिल नाही, ऑइलपेंट. आत्या चष्मा लावून शेजारी बसल्या होत्या. "सातची शेपूट अजून लांब," त्या म्हणाल्या. "दादाची अशी आखूड नसायची."

दर सोमवारी देवमासाघर बंद असतं. सकाळी मी पुली घेऊन जातो. दार आतून लावायचं, सात चकत्या हुकांना टांगून मानेत बसवायच्या, दहा व्ही शेपटीखाली अडकवायचे. दुपारपर्यंत होतं. मग आम्ही चौघं खाली सतरंजी टाकून बसतो आणि वर बघतो. आत्यांची मान दुखते, पण त्या बघतात.

पाच वाजले की दाजी उठतात.

"चला, मेहुणे," ते म्हणतात. "उतरवा."

मी शिडी लावतो. एकेक हाड खाली देतो. आत्या प्रत्येक हाड फडक्यानं पुसून घेतात, नंबराच्या कडेकडेनं, आणि मोठ्यानं मोजत पलंगाखाली ठेवतात.